इंजिनाचें तेल वाढूं लागलें तर

वापरलेली वस्तु कमी होते, हा व्यवहारांतला सर्वसाधारण नियम आहे. समई रात्रभर जळली म्हणजे सकाळीं तिच्यांतलें तेल खालीं गेलेलें दिसतें. बैलगाडीच्या आंसाला लावलेलें वंगण चार कोसांत पुसून जातें. मोटारीच्या इंजिनांतील तेलाचीहि गोष्ट हीच. म्हणून एखाद्या ट्रकच्या इंजिनांतील तेल वरून कांहीं न ओततां वाढूं लागलें, तर भोळ्या मालकाला प्रथम समाधानच वाटतें. अलीशा संदेष्ट्याच्या काळीं एका कर्जबाजारी विधवेच्या घरचें तेल वाढलें, ही जुन्या करारांतील कथा आपल्यापैकीं पुष्कळांस ठाऊक आहे. तो परमेश्वराच्या कृपेचा प्रसंग होता. इंजिनाच्या बाबतींत मात्र तशी अपेक्षा धरूं नये. तेथें तेल वाढलें याचा अर्थ त्यांत दुसरें कांहीं तरी येऊन मिसळलें, आणि तें दुसरें कांहीं बहुधा डिझेल असतें.

असला विषय शाळेच्या वार्षिक अंकांत कशाला, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर आमच्या भागाच्या रस्त्यांवर आहे. भंडारा जिल्ह्यांत पवनी तालुक्यांत गोसीखुर्द येथें वैनगंगेवर जें धरण उभें राहिलें, त्याची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजीं त्या वेळचे पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्तें झाली. त्यास इंदिरासागर असें नांव देण्यांत आलें, आणि २००९ सालीं केंद्र सरकारनें तो राष्ट्रीय प्रकल्प म्हणून जाहीर केला. तेहतीस दरवाजांचा सांडवा आणि एकंदर अकरा किलोमीटरांहून अधिक लांबीचा बांध, त्यांत मोठा भाग मातीचा. शिवाय डाव्या-उजव्या कालव्यांचें खोदकाम वेगळें. एवढी माती, मुरूम व दगड डोक्यावरच्या घमेल्यांनीं वाहून होत नाहीं. त्यामुळें टिप्पर हें वाहन आमच्या खेड्यांत खाचराच्या बैलजोडीइतकें ओळखीचें झालें. ज्यांच्या जमिनी पाण्याखालीं गेल्या त्यांच्या घरचे कांहीं तरुण चालक झाले, कांहींनीं कर्ज काढून जुना टिप्पर स्वतःच घेतला. अशा माणसाचें इंजिन जाम झालें म्हणजे त्याचें शेत दुसऱ्यांदा बुडतें. आमच्या शाळेंतून बाहेर पडणाऱ्या मुलांपैकीं कांहीं जण याच धंद्यांत जातात, तेव्हां वर्गांत शिकविलेलें शास्त्र त्यांस येथें उपयोगी पडावें, अशी इच्छा आहे.

प्रथम इंजिनाविषयीं थोडें. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्यानें १८९७ सालीं आउग्सबुर्ग येथें आपलें इंजिन यशस्वी रीतीनें चालवून दाखविलें. पेट्रोलच्या इंजिनांत ठिणगीनें ज्वलन सुरू होतें. डिझेलच्या इंजिनांत ठिणगी नाहीं. सिलिंडरमधील हवा पिस्टन सोळा ते अठरा पट दाबतो, त्या दाबानें ती पांचशें अंश सेंटिग्रेडच्याहि वर तापते, आणि त्या तप्त हवेंत डिझेलचा अत्यंत बारीक फवारा उडविला कीं तो आपोआप पेट घेतो. सायकलींत हवा भरतांना पंपाचें बूड हातास गरम लागतें, हा अनुभव ज्यानें घेतला आहे त्यास हें तत्त्व निराळें समजावण्याची गरज नाहीं. खरी अडचण होती ती फवाऱ्याची. दाबलेल्या हवेवर मात करून थेंबभर डिझेल नेमक्या क्षणीं आंत घालावयाचें, तेंहि मिनिटास हजारों वेळां, हें सोपें काम नव्हे. स्टुटगार्टच्या रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यानें १९२७ सालीं यासाठीं पंप विक्रीस काढला, आणि त्यानंतरच डिझेलचे ट्रक जगभर पसरूं लागले. आपल्या देशांत १९५१ सालीं बंगळूर येथें मायको कंपनी निघून असले पंप व नोझल येथें होऊं लागले, व १९५४ सालीं जमशेदपूरला टाटांनीं डाइम्लर-बेंझ यांच्या सहकार्यानें ट्रक बांधण्यास आरंभ केला. गांवच्या मिस्त्रीच्या तोंडीं ‘मायकोचा पंप’ हे शब्द बसले ते असे.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. या इंजिनांत दोन पातळ पदार्थ एकमेकांच्या अगदीं शेजारीं नांदत असतात. एक जाळण्याचें डिझेल, दुसरें वंगणाचें तेल. त्यांच्यामध्यें भिंत म्हणावी तर कोठें पिस्टनच्या रिंगा, कोठें रबराचें एक बारीक कडें, आणि पंपामध्यें तर तेवढेंहि नाहीं. तेथें दांडा व त्याची नळी एकमेकांत इतकीं अचूक घासून बसविलेलीं असतात कीं त्यांच्यांतील फट मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या दोन-तीन पट एवढीच राहते, आणि ती अरुंद फट हीच भिंत. या भिंतींपैकीं एखादी झिजली कीं शेजार मोडतो.

मोडला तर काय बिघडलें? डिझेलहि तेलच ना, असें चालक म्हणतात. त्यांस असें विचारावें कीं चिखलांतून जातांना जाड तळव्याचा जोडा व कागदी तळव्याचा जोडा सारखाच काय? क्रँक आपल्या बेअरिंगवर टेकून फिरत नाहीं. तो तेलाच्या पडद्यावर तरंगत फिरतो. तो पडदा कागदाहूनहि पातळ असतो, पण जोंवर तो अखंड आहे तोंवर धातूला धातू लागत नाहीं. हा पडदा टिकतो तेलाच्या दाटपणामुळें. ट्रकमध्यें सामान्यतः वापरतात तें तेल चाळीस अंश उष्णतेवर डिझेलच्या वीस पटींहून अधिक दाट असतें. त्यांत डिझेल मिसळलें कीं तें झपाट्यानें पातळ होतें, पडदा फाटतो, आणि बेअरिंगवरचा मऊ थर खरवडून तांबें दिसूं लागतें. त्यापुढची पायरी म्हणजे क्रँकवर चरे, व त्यानंतर इंजिन जागच्या जागीं घट्ट. शिवाय तेलांत झीज व आम्ल यांना आवरण्यासाठीं जीं द्रव्यें घातलेलीं असतात, तींहि डिझेलमुळें विरळ होतात.

येथें पेट्रोल व डिझेल यांतला एक भेद ध्यानांत घेण्याजोगा आहे. पेट्रोल चुकून वंगणांत उतरलें तरी इंजिन तापल्यावर त्याचा बराच भाग वाफ होऊन निघून जातो. डिझेलचें तसें नाहीं. तें सुमारें एकशेंऐशीं अंशांपासून साडेतीनशें अंशांच्या पलीकडेपर्यंत उकळत जातें, आणि चेंबरमधील तेल बहुधा शंभर अंशांच्या आसपास असतें. म्हणून जें डिझेल तेलांत शिरलें तें तेथेंच वस्तीला राहतें. ‘गाडी एकदां नागपूरपर्यंत तापवून आणा, सगळें उडून जाईल’ असा सल्ला जाणते लोकहि देतात. पेट्रोलच्या मोटारीवरून तो उचललेला असावा, आणि टिप्परला तो लागू नाहीं.

शंभर भागांत पांच भाग डिझेल झालें कीं तें तेल बाद, असा पुष्कळ ठिकाणीं मानलेला संकेत आहे. चेंबरमध्यें पंधरा लिटर तेल मावत असेल तर हे पांच भाग म्हणजे पाऊण लिटर. पट्टीवर एवढी वाढ डोळ्यांना सहज दिसते. परंतु पाहण्याची रीत बरोबर पाहिजे. गाडी सपाट जागेवर उभी असावी, इंजिन रात्रभर बंद असावें, आणि सकाळीं सुरू करण्यापूर्वीं पट्टी काढून, पुसून, पुन्हां घालून मग वाचावी. कालव्याच्या उतारावर उभ्या गाडीची किंवा नुकत्याच थांबलेल्या इंजिनाची पट्टी कांहींहि सांगेल. आणखी एक खोंच आहे. जुनें इंजिन रोज थोडें तेल खातच असतें. तें जितकें खातें तितकेंच डिझेल आंत येत असेल, तर पट्टी महिनाभर एकाच रेघेवर राहील, आणि मालक निर्धास्त राहील. जें तेल कमी व्हावयास हवें होतें तें कां झालें नाहीं, हा प्रश्न ज्यास सुचतो तोच खरा पारखी. यासाठीं चालकानें लहानशी वही ठेवून रोजची पट्टी लिहावी, यापरतें स्वस्त यंत्र नाहीं.

वाढलेला पदार्थ डिझेलच आहे कीं पाणी, हें आधीं ठरविलें पाहिजे. रेडिएटरचें पाणी तेलांत गेलें तर तेल ढवळलेल्या ताकासारखें किंवा दुधाळ तपकिरी दिसतें, आणि रेडिएटरची पातळी खालीं जाते. संशय राहिल्यास लोखंडी तवा तापवून जाळावरून खालीं उतरवावा व त्यावर त्या तेलाचा एक थेंब सोडावा. पाणी असेल तर तो चरचरतो. डिझेल असेल तर चरचर नाहीं. नाकावर फारसा भरवसा ठेवूं नये. डिझेल इंजिनांत वापरलेल्या प्रत्येक काळ्या तेलाला कांहीं ना कांहीं डिझेलचा वास असतोच, आणि दिवसभर डिझेलच्या वासांत वावरणाऱ्याचें नाक त्याबाबत बधिर झालेलें असतें. कोणी कोणी कापसाची वात भिजवून काडी लावून पाहतात. तें गॅरेजमध्यें कदापि करूं नये.

याहून दोन चांगल्या परीक्षा आहेत, आणि दोन्ही आमच्या प्रयोगशाळेंत होण्यासारख्या आहेत. पहिली टिपकागदाची. टिपकागदावर, किंवा तो नसल्यास जाड गाळणकागदावर, पट्टीच्या टोंकाचा एक थेंब सोडून तो कागद आडवा, दोन्ही बाजूंनीं अधांतरीं, रात्रभर ठेवावा. सकाळीं मधोमध काजळीचा काळा ठिपका, त्याभोंवतीं करडें वर्तुळ, आणि डिझेल असल्यास सर्वांच्या बाहेर फिकट, पारदर्शक असें रुंद कडें दिसतें. पातळ पदार्थ कागदाच्या तंतूंतून दूरवर धांवतो, काजळी मागें राहते. शेजारीं त्याच जातीच्या नव्या तेलाचा थेंब सोडला असेल तर फरक चटकन् कळतो.

दुसरी परीक्षा बाटल्यांची, आणि मला ती अधिक आवडते. औषधाच्या दोन सारख्या कांचेच्या बाटल्या घ्याव्या. एकींत नवें तेल, दुसरींत इंजिनांतलें. दोहोंत वर सारखीच बोटभर जागा रिकामी ठेवून घट्ट बूच लावावें. एक तास त्या शेजारीं शेजारीं ठेवाव्या, म्हणजे दोन्ही तेलांची उष्णता सारखी होईल. हें विसरल्यास परीक्षा फुकट, कारण ऊन लागलेलें तेल आपोआपच पातळ होतें. मग दोन्ही एकदम उलट्या कराव्या व हवेचा बुडबुडा वर चढतांना पाहावा. पातळ तेलांत बुडबुडा झरकन् वर जातो, दाट तेलांत रेंगाळतो. पदार्थविज्ञानाच्या पुस्तकांत स्टोक्सचा नियम म्हणून जें शिकवितात, तेंच हें. मात्र एक सावधगिरी: काजळी तेलाला दाट करते आणि डिझेल पातळ करतें, तेव्हां फार दिवस चाललेल्या तेलांत दोघांची बेरीज-वजाबाकी होऊन तें ठीक दिसण्याचा संभव आहे. अशा वेळीं टिपकागदाची साक्ष अधिक मोलाची.

डिझेलच आहे असें ठरलें, तर तें कोणत्या वाटेनें आलें? येथेंच बहुतेकांचा पैसा वायां जातो. कारण वाट न शोधतां हाताशीं येईल तो भाग बदलण्याची घाई होते. वाटा मुख्यतः तीन.

पहिली वाट वरून, सिलिंडरमधून. नोझलचें टोंक झिजलें किंवा त्याची सुई अडकली तर फवारा न होतां डिझेल ठिबकतें. थेंब नीट जळत नाहींत. ते सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळत, तेथलें वंगण धुऊन काढीत, रिंगांच्या फटींतून खालीं चेंबरमध्यें उतरतात. रिंगा झिजल्या असतील तर वाट आणखीच रुंद. अशा इंजिनाच्या धुरांत फरक पडतो, सुरू होतांना तें पांढरा धूर टाकतें, एखादा सिलिंडर ठोका चुकवितो. आणि नोझल निर्दोष असूनहि हीच वाट उघडणारी एक संवय आमच्या कामांवर फार आहे. खडीच्या यंत्रापाशीं टिप्परांची रांग लागते, आणि तास-तासभर इंजिनें रिकामीं धडधडत ठेवलेलीं असतात. बंद केलें तर पुन्हां सुरू होईल न होईल, ही चालकाची धास्ती; बॅटरी जुनी असते. पण रिकाम्या चालण्यांत सिलिंडर पुरेसा तापत नाहीं, थोडें डिझेल अर्धवट जळतें आणि रोज थोडें थोडें खालीं जातें. थंडीच्या दिवसांत हें अधिक होतें. अशा गाडीचा खरा उपाय म्हणजे नवी बॅटरी.

दुसरी वाट बाजूनें, पंपांतून. बॉशच्या पद्धतीच्या पंपांत, प्रत्येक सिलिंडरसाठीं एक, असे दांडे ओळीनें उभे असतात व खालच्या कॅमच्या फिरण्यानें वरखालीं होतात. दांड्यांच्या वरच्या बाजूस डिझेल, खालच्या बाजूस कॅमसाठीं वंगण. पुष्कळ इंजिनांत हें वंगण इंजिनांतूनच येतें व इंजिनांतच परत जातें. दांडा-नळी झिजली किंवा नळीखालची बैठक खराब झाली कीं डिझेल खालीं झिरपून त्या वंगणाबरोबर चेंबरांत पोहोंचतें. टाकींतून डिझेल ओढून आणणारा लहान फीड पंप याच पंपाला चिकटलेला असतो. त्याच्या दांडीचें कडें गेलें तरी परिणाम तोच. ज्या इंजिनांत फीड पंप पडद्याचा असून थेट इंजिनाच्या कुशीला लावलेला असतो, तेथें पडदा फाटला तर डिझेल सरळच आंत पडतें. ही वाट फसवी अशासाठीं कीं इंजिन तक्रार करीत नाहीं. धूर स्वच्छ, ताकद पुरी, आवाज ठीक.

तिसरी वाट टॅपेट कव्हरच्या आंतली. ज्या इंजिनांत नोझलच्या जादा डिझेलची परतीची नळी, किंवा दाबाची नळीच, कव्हराखालून गेलेली असते, तेथें वायसर फुटलें अथवा रबरी कडें कडक झालें तर गळती बाहेर कोठेंच न दिसतां आंतल्या आंत तेलांत होते. कमिन्सच्या जुन्या पद्धतीच्या इंजिनांत डिझेलचे मार्ग हेडमध्येंच कोरलेले असल्यामुळें नोझलभोंवतींचीं रबरी कडीं फार महत्त्वाचीं असतात.

शेतावरच्या तेल-इंजिनाची किंवा जनित्राची गोष्ट थोडी निराळी. तेथें डिझेलची टाकी उंचावर असते, म्हणून गळती असल्यास इंजिन बंद असतांनाहि रात्रींतून तेल चढतें. ट्रकची टाकी बहुधा खालीं चासीला बांधलेली असते. तेथें गळती मुख्यतः इंजिन चालू असतांना होते.

आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचें उदाहरण येथें उपयोगी पडेल. कालव्याच्या कामावर त्याचा स्वतःचा टिप्पर होता, सहा सिलिंडरांचा, दांड्यांच्या पंपाचा, बऱ्याच हातांतून फिरलेला. एके रविवारीं उपासनेनंतर तो भेटला व सहज म्हणाला, “सर, तेल त वाढूनच राहिलं जी. महिना झाला, वरून थेंब टाकला नाही.”

“किती वाढलं? खूण केली होतीस का?”

“आठ दिवसांत बोटभर. मिस्त्री म्हणते नोझल गेले. साही बदलले. तेलबी बदललं. तरी पुन्हा तेच.”

“धूर कसा आहे?”

“धूर नाही सर. चढावर भरून चालते मस्त.”

या शेवटच्या उत्तरांतच निम्मा निकाल होता. सहा नोझल वाईट असते तर इंजिन मस्त चाललें नसतें. तरीहि अंदाजावर न विसंबतां क्रमानें पाहावें असें ठरलें. प्रथम इंजिन मंद चालू ठेवून एकेका नोझलच्या नळीची चक्री क्षणभर सैल करून पाहिली. ज्या सिलिंडरचें डिझेल तुटतें तो काम करीत असेल तर इंजिन अडखळतें. करीत नसेल तर कांहींच फरक पडत नाहीं. येथें सहाहि वेळां इंजिन सारखेंच अडखळलें. म्हणजे सहाहि सिलिंडर जिवंत. टॅपेट कव्हर उघडलें. त्या इंजिनाच्या साऱ्या नळ्या बाहेरूनच होत्या, आंत डिझेलचा मार्गच नव्हता. पहिली वाट क्षीण झाली, तिसरी बंद झाली. राहिला पंप.

त्या इंजिनांत पंपाचें वंगण बाहेरच्या एका नळीनें चेंबरकडे परत जात असे. ती नळी चेंबरकडून सोडवून तिचें टोंक स्वच्छ बाटलींत धरलें, चेंबरचें भोंक बुचानें बंद केलें, आणि इंजिन थोडा वेळ चालविलें. बाटलींत जमलेलें तेल आणि चेंबरमधून काढलेलें तेल शेजारीं ठेवून बुडबुड्याची परीक्षा केली. पंपाकडच्या बाटलींत बुडबुडा इतका झटपट वर गेला कीं वाद उरला नाहीं. पुढें पंपाच्या बगलेची झांकणी उघडून, हातपंपानें डिझेलचा दाब देऊन, आंतल्या स्प्रिंगांकडे विजेरीच्या उजेडांत पाहिलें. पांच कोरड्या, तिसऱ्या स्प्रिंगवरून मात्र डिझेलचा ओघळ उतरत होता. पंप उतरवून पंप-नोझलवाल्याकडे नेला तेव्हां त्या तिसऱ्या नळीची बैठक खाल्लेली आढळली. चेंबर उतरविल्यावर दोन बेअरिंगांवर तांबें उघडें पडलेलें होतें. क्रँक बचावला. सहा नवे नोझल मात्र उगाच घेतलेले ठरले.

नोझल तपासावयाचे असल्यास ते बदलण्यापूर्वीं चांचणीच्या हातपंपावर लावून पाहण्याची सोय बहुतेक तालुक्याच्या गांवीं असते. जुन्या पद्धतीचे नोझल वातावरणाच्या सुमारें दोनशें पट दाबावर उघडतात. त्याहून किंचित् कमी दाब दहा सेकंद धरून ठेवला असतां टोंकाला थेंब लोंबूं नये, आणि उघडतांना धुक्यासारखा फवारा व्हावा. त्या फवाऱ्यासमोर हात कधींहि धरूं नये. डिझेल कातडी भेदून शरीरांत शिरतें, जखम सुईच्या टोंकाएवढी दिसते व परिणाम हात कापण्यापर्यंत जातो. याच कारणास्तव नळी सैल करण्याची वर सांगितलेली रीत हल्लींच्या कॉमन रेल इंजिनांवर मुळींच करूं नये. तेथील दाब वातावरणाच्या हजारपटींच्याहि वर असतो. त्या इंजिनांची परीक्षा संगणक जोडूनच करावी. आंतली सूक्ष्म गळती शोधण्यासाठीं डिझेलमध्यें चमकणारा रंग मिसळून, कव्हर काढून, जांभळ्या किरणांच्या दिव्याखालीं पाहण्याची युक्तीहि चांगली आहे.

१ एप्रिल २०२० पासून भारतांत बीएस-सहा नियमांचीं वाहनें विकलीं जातात. यांपैकीं कांहीं इंजिनांत धुराची गाळणी स्वच्छ करण्यासाठीं ज्वलन संपत आलें असतां मुद्दाम थोडें डिझेल सोडतात, म्हणजे तें धुराबरोबर जाऊन गाळणींतली काजळी जाळतें. त्यांतला अंश सिलिंडरच्या भिंतीवर बसून तेलांत उतरतो. गाळणीची ही सफाई चालू असतांना चालकानें पुन्हां पुन्हां इंजिन बंद केलें तर सफाई अपुरी राहते, ती पुन्हां पुन्हां सुरू होते, आणि तेल चढत जातें. येथें कोणताच भाग बिघडलेला नसतो. त्या दिव्याची खूण ओळखून गाडी तेवढा वेळ चालती ठेवणें, एवढेंच काम.

आतां जी गोष्ट जिवाशीं गांठ घालते ती सांगतों. चेंबर डिझेलमिश्रित तेलानें तुडुंब भरला म्हणजे तें पातळ तेल व त्याची वाफ हवेच्या वाटेनें किंवा रिंगांवरून सिलिंडरमध्यें शिरूं शकते. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाहीं, हें वर सांगितलेंच. त्याला जळण्याजोगें कांहींहि मिळालें कीं तें जाळतें. मग चालकानें डिझेल तोडलें तरी इंजिन थांबत नाहीं. तें स्वतःचेंच वंगण पिऊन अधिकाधिक वेगानें धांवूं लागतें, पांढऱ्या-काळ्या धुराचे लोट निघतात, आणि अखेरीस दांडे तुटून ब्लॉक फोडून बाहेर येतात. किल्ली काढून उपयोग होत नाहीं. अशा इंजिनाला थांबविण्याचा मार्ग म्हणजे त्याची हवा तोडणें. हवा ओढणाऱ्या नळीच्या तोंडावर जाड फळी घट्ट दाबावी, अथवा कर्बवायूच्या अग्निशामकाचा झोत त्या तोंडांत सोडावा. तळहात किंवा अंगावरचा सदरा लावूं नये. ओढ फार जबर असते. चालक जागेवर असल्यास वरचा गिअर टाकून, ब्रेक पूर्ण दाबून क्लच सोडल्यानें इंजिन गुदमरून बंद पडूं शकतें. इंजिनाच्या बगलेस कोणींहि उभें राहूं नये. हें सारें कांहीं क्षणांत करावयाचें असतें, म्हणून चालकाबरोबर बसणाऱ्या मुलालाहि तें आधींच सांगून ठेवावें.

पट्टीची वरची रेघ ओलांडून तेल गेलेलें दिसलें, तर इंजिन सुरूच करूं नये. पुष्कळ जण चेंबरचा नट ढिला करून दोन लिटर खालीं सोडतात व रेघेवर आणून पुन्हां कामावर जातात. रेघ जुळते, तेल मात्र पातळ तें पातळच राहतें. गळती सांपडून दुरुस्त झाल्यावर सगळें तेल तापलेलें असतांना काढावें, गाळणी बदलावी, चेंबर उतरवून निदान दोन बेअरिंगें डोळ्यांनीं पाहावीं. काढलेलें काळें तेल नाल्यांत ओतूं नये. आमचा प्रत्येक नाला वैनगंगेस मिळतो, आणि तिचें पाणी खालचीं गांवें पितात. तेल पिंपांत सांठवून तें विकत घेणाऱ्या परवानाधारकास द्यावें. नवें तेल भरल्यावर दुसऱ्या दिवशीं सकाळीं पट्टीवर जी रेघ येईल ती वहींत मांडावी, आठ दिवस रोज पाहावी, आणि पंधराव्या दिवशीं टिपकागदावर पुन्हां एक थेंब टाकावा. वर उल्लेखिलेल्या विद्यार्थ्याचा पंधराव्या दिवसाचा कागद आमच्या प्रयोगशाळेच्या भिंतीवर पहिल्या कागदाशेजारीं लावलेला आहे; दुसऱ्या कागदावर बाहेरचें फिकट कडें नाहीं.